हेवीवेटपुढच्या दोन वाटा: ऑलिंपिकपर्यंत थांबायचं की आत्ताच प्रो व्हायचं?

वजन शंभर किलोच्या आसपास, उंची सहा फूट तीन-चार इंच, राष्ट्रीय स्पर्धेत एक-दोन पदकं, वय वीस-बावीस. असा मुलगा आणि त्याचा कोच यांच्यासाठी हा आढावा आहे. अमॅच्युअर राहून ऑलिंपिकची वाट धरावी की प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सरचा परवाना काढावा, हा प्रश्न प्रत्येक वजनगटात येतो. पण त्यावरचे सल्ले बहुतेक वेळा साठ-सत्तर किलोच्या बॉक्सरांच्या अनुभवातून आलेले असतात आणि हेवीवेटला ते निम्मेच लागू पडतात.

कारण साधं आहे. हलक्या गटातल्या बॉक्सरला प्रो झाल्यावर एक मोठी सोय मिळते. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळे उतरवलेलं पाणी भरून काढायला अख्खी रात्र हातात असते. अमॅच्युअर स्पर्धेत मात्र लढतीच्या दिवशी सकाळीच काट्यावर उभं राहावं लागतं. वर मर्यादाच नसलेल्या गटात या सोयीला काही किंमत नाही. वयाचा हिशोबही वेगळा आहे. हलक्या गटात तिशीनंतर पाय मंदावू लागले की खेळ बदलतो. हेवीवेटमध्ये व्लादिमिर क्लिचको ३९व्या वर्षापर्यंत चॅम्पियन होता, आणि ऑलेक्झांडर उसिकने जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत पाडून चार मोठ्या संघटनांचे चारही किताब पुन्हा एकत्र केले तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. म्हणजे दोन-चार वर्षं थांबण्याची किंमत इथे कमी आहे.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. जड माणसं मुळातच कमी, आणि त्यांतही नीट शिकलेली अगदीच थोडी. त्यामुळे उंच, जड आणि तयारीच्या माणसासमोर काढलेल्या फेऱ्या हीच हेवीवेटच्या कारकिर्दीतली दुर्मीळ गोष्ट ठरते. पुढच्या तीन वर्षांत अशा फेऱ्या जास्त कुठे मिळतील, हाच निर्णयाचा खरा निकष आहे. पदक आणि पैसा त्यानंतर.

नियमांतला फरक

| मुद्दा | अमॅच्युअर | प्रो |
|---|---|---|
| फेऱ्या | ३ मिनिटांच्या ३ | ३ मिनिटांच्या, ४ पासून १२ पर्यंत |
| ग्लोव्ह | १२ औंस | १० औंस |
| गट | ९० किलोच्या वर (आधी ९२) | २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वर |
| गुण देणारे | ५ जण | ३ जण. ब्रिटनमध्ये बिगरकिताबी लढतीत एकटा रेफरी |
| प्रतिस्पर्धी कोण ठरवतं | ड्रॉ | मॅचमेकर |
| लढतींची लय | स्पर्धेत आठ-दहा दिवसांत चार-पाच | सुरुवातीला वर्षाला चार-सहा, वर गेल्यावर एक-दोन |

डोक्याचं संरक्षक हेडगिअर वरिष्ठ पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून २०१३ मध्येच गेलं, त्यामुळे तो फरक आता उरलेला नाही. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धतही दोन्हीकडे तीच आहे.

वजन ९१ ते ९८ किलोच्या दरम्यान असेल तर आधी एक वेगळाच विचार करायला हवा. प्रो हेवीवेटमध्ये समोरचा ११५ किलोचा असू शकतो. २०० पौंडांपर्यंतचा क्रूझरवेट गट अशा शरीराला जास्त मानवतो. उसिकने तेच केलं. लंडन २०१२ ला ९१ किलोत सुवर्ण, २०१३ मध्ये प्रो, आणि २०१८ मध्ये मॉस्कोत आपल्या पंधराव्या लढतीत क्रूझरवेटचे चारही किताब. हेवीवेटकडे तो त्यानंतर वळला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने २०२० मध्ये २०० ते २२४ पौंडांचा ब्रिजरवेट नावाचा मधला गट काढला आहे, पण मोठ्या संघटनांपैकी सगळ्या तो मानत नाहीत. त्याच्या भरवशावर कारकिर्दीची आखणी करू नये.

ड्रॉ आणि मॅचमेकर

प्रतिस्पर्धी कोण ठरवतं, ही तक्त्यातली खरी ओळ आहे. अमॅच्युअर स्पर्धेत तुमच्यासमोर कोण येणार हे चिठ्ठी ठरवते. आशियाई स्पर्धेत पहिल्याच दिवशी उझबेकिस्तानचा किंवा कझाकस्तानचा जागतिक पदकविजेता समोर येऊ शकतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तोकडा पडतो की नाही, डावखुऱ्यासमोर पाय अडकतात की नाही, हे नऊ मिनिटांत उघडं पडतं. त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत आणि हरलात तरी सहा महिन्यांनी पुढची स्पर्धा असते.

प्रोमध्ये समोरचा माणूस निवडलेला असतो. पहिल्या आठ-दहा लढतींत येणारे प्रतिस्पर्धी बहुतेक हरण्यासाठीच आणलेले असतात. हेवीवेटमध्ये ते सहसा वजनदार, दमाला कमी आणि पकडून अंगावर रेलण्यात तरबेज असतात. त्यांना दुसऱ्या फेरीत पाडलं की विक्रमात एक नॉकआउट जमा होतो, शिकणं मात्र फारसं होत नाही. १२-०, १२ नॉकआउट असा विक्रम असलेल्या हेवीवेटने सगळ्या मिळून वीस फेऱ्याही खेळलेल्या नसतात. डिऑन्टे वाइल्डरने २००८ मध्ये प्रो झाल्यावर पहिल्या ३२ लढती नॉकआउटने जिंकल्या. त्यातली एकही चौथ्या फेरीपलीकडे गेली नाही. जानेवारी २०१५ ला बर्मेन स्टिवर्नविरुद्ध किताब जिंकताना तो पहिल्यांदा पूर्ण बारा फेऱ्या खेळला. उजव्या हातात त्याच्याइतकी ताकद असेल तर ही पद्धत चालते. तेवढी ताकद शेकडो हेवीवेटांत एखाद्याकडेच असते, आणि आपल्याकडे ती आहे असं प्रत्येकालाच वाटत असतं.

नऊ मिनिटं आणि छत्तीस मिनिटं

अटलांटा १९९६ चा सुवर्णविजेता क्लिचको त्याच वर्षी प्रो झाला आणि सलग २४ लढती जिंकला. डिसेंबर १९९८ मध्ये कीव्हला, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, त्याची रॉस प्युरिटीशी लढत झाली. प्युरिटीचा विक्रम पराभवांनी भरलेला होता, पण माणूस चिवट होता. क्लिचकोने सुरुवातीच्या फेऱ्यांत ठोशांचा मारा केला, समोरचा पडला नाही, आणि उत्तरार्धात क्लिचकोचा दम संपला. अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली.

यात काय चुकलं हे नीट बघण्यासारखं आहे. तीन फेऱ्यांच्या खेळात बॉक्सर प्रत्येक ठोसा पूर्ण जोराने मारायला शिकतो, कारण घड्याळ लवकर संपतं. शंभर किलोंचं शरीर त्या वेगाने फार तर पाच-सहा फेऱ्या चालतं. प्रोमध्ये ठोशांची प्रतवारी लागते. दहांतले सहा-सात जॅब समोरच्याला फक्त कामाला लावण्यासाठी असतात, जोर बाकीच्यांत असतो. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना पकडून उभे राहिले की, अमॅच्युअर रेफरी लगेच सोडवतो. प्रोमध्ये मोठा हेवीवेट आपलं वजन तुमच्या मानेवर टाकून उभा राहतो आणि रेफरी काही क्षण बघत राहतो. १२० किलो मानेवर घेऊन तीस-चाळीस वेळा उभं राहणं ही वेगळीच मेहनत आहे आणि तिची सवय स्पारिंगमध्येच, म्हणजे सरावाच्या लढतींत, करावी लागते.

हा बदल टप्प्यांनी करायचा असतो. पहिल्या दोन-तीन लढती चार फेऱ्यांच्या, मग सहा, मग आठ. आठ फेऱ्यांच्या किमान तीन-चार लढती पूर्ण अंतर गेल्याशिवाय दहाची लढत घेऊ नये. नॉकआउट लवकर मिळत असतील तर कमतरता स्पारिंगमध्ये भरून काढावी. लढत आठ फेऱ्यांची असेल तर कॅम्पच्या, म्हणजे लढतीआधीच्या तयारीच्या, शेवटच्या टप्प्यात एकदा तरी सलग आठ फेऱ्यांचं स्पारिंग झालेलं हवं, त्यात दर दोन-तीन फेऱ्यांनी ताजा जोडीदार रिंगमध्ये. हेवीवेटचं स्पारिंग १६ ते १८ औंसांच्या ग्लोव्हनी करतात आणि लढतीआधी आठ-दहा दिवस ते बंद होतं.

अडचण अशी की असे तीन जोडीदार हवेतच कुठून? मोठा प्रमोटर किंवा मोठी जिम असेल तर ते आठवड्याच्या बोलीवर आणले जातात, राहण्या-जेवण्यासकट. एकट्याने प्रो झालेल्या मुलाला हा खर्च परवडत नाही, मग तो ८० किलोच्या मित्रांबरोबर स्पारिंग करतो. त्यांचे हात वेगवान असतात पण वजन अंगावर येत नाही, आणि लढतीच्या रात्री तेच येतं. राष्ट्रीय शिबिरात निदान चार-पाच सुपर हेवीवेट (अमॅच्युअरमधला सर्वांत वरचा गट) एका छताखाली असतात आणि परदेशी संघांबरोबर संयुक्त शिबिरंही होतात. फेऱ्यांच्या निकषावर अमॅच्युअर वाट इथे सरळ पुढे जाते.

थांबलेला लुईस, न थांबलेला टायसन

लेनॉक्स लुईस १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून उतरला तेव्हा अठरा वर्षांचा होता. उपांत्यपूर्व फेरीत टायरेल बिग्जकडून हरला. प्रो होण्याचे प्रस्ताव असूनही त्याने आणखी चार वर्षं काढली, १९८८ ला सेऊलच्या अंतिम लढतीत रिडिक बोवला थांबवून सुवर्ण घेतलं आणि १९८९ मध्ये प्रो झाला. १९९२ अखेर तो जागतिक विजेता होता. पुढे दोनदा नॉकआउट झाला, १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलकडून आणि २००१ मध्ये हासिम रहमानकडून, आणि दोघांनाही परतीच्या लढतीत हरवलं.

माइक टायसन त्याच १९८४ च्या निवड चाचणीत हेन्री टिलमनकडून हरला. ऑलिंपिकचं दार बंद झालं. मार्च १९८५ मध्ये, अठराव्या वर्षी तो प्रो झाला, त्या एका वर्षात पंधरा लढती खेळला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून विसाव्या वर्षी विजेता झाला. टिलमन ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला, आणि १९९० मध्ये टायसनने त्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं.

टायसनचं उदाहरण देऊन घाई करणारे दोन गोष्टी विसरतात. एक, तेराव्या वर्षापासून तो आपला कोच कस डी'अमाटोच्या घरी राहून रोज हेच शिकत होता. अठराव्या वर्षी प्रो झाला तेव्हा त्याच्या मागे पाच वर्षांची पूर्णवेळ तालीम होती. दोन, वर्षाला पंधरा लढती आज मिळत नाहीत. दूरचित्रवाणी आणि स्ट्रीमिंगच्या तारखांवर चालणाऱ्या आजच्या धंद्यात उमेदवाराला वर्षाला पाच मिळाल्या तरी बऱ्या म्हणायच्या.

आजच्या काळातला न थांबलेला हवा असेल तर दुबुआ बघावा. ऑलिंपिक न खेळता २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी प्रो. २०२० मध्ये जो जॉयसविरुद्ध डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून पराभव. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यानेच वेम्बलीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं. आणि फॅबिओ वॉर्डली तर हौशी कार्यालयीन लढतींतून, अमॅच्युअर कारकीर्द जवळजवळ नसतानाच आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवलं. अपवाद आहेत. पण हे दोघेही ब्रिटनमधले, जिथे एका गाडीच्या अंतरावर डझनभर हेवीवेट स्पारिंगला मिळतात. फेऱ्यांची कमतरता त्यांना भरून काढता आली.

रांगेत अडकण्याचा धोका

अमॅच्युअर वाटेचा मोठा दोष म्हणजे जागा एकच. प्रत्येक देशातून प्रत्येक गटात ऑलिंपिकला एकच बॉक्सर जातो. ब्रिटनच्या फ्रेझर क्लार्कपुढे लंडनला जोशुआ होता, रिओला जॉयस. त्याची पाळी टोकियोला आली. कांस्यपदक मिळालं, पण प्रो पदार्पण झालं तेव्हा वय तीस. मार्च २०२४ मध्ये वॉर्डलीबरोबर बारा फेऱ्यांची बरोबरी आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या लढतीत पहिल्याच फेरीत नॉकआउट, चेहऱ्याची हाडं मोडून. तिशीत प्रो झालेल्याला चार-सहा-आठ असं चढायला वेळ नसतो, म्हणून प्रमोटर त्याला लवकर मोठ्या लढतीत ढकलतो. रिओचा रौप्यविजेता जॉयसही बत्तिसाव्या वर्षी प्रो झाला. त्याचा जबडा दगडाचा म्हणत, त्यावर तो काही वर्षं तरला, आणि एप्रिल २०२३ मध्ये झांग झिलेईने त्याचा डोळा सुजवून लढत थांबवली.

पदक मिळालं म्हणजे प्रो कारकीर्द हातात आली असंही नाही. ऑडली हॅरिसनकडे सिडनी २००० चं सुवर्ण होतं, बीबीसीशी दहा लढतींसाठी सुमारे दहा लाख पौंडांचा करार होता. त्याने स्वतःचीच प्रमोशन कंपनी काढली आणि दुय्यम प्रतिस्पर्ध्यांवर वर्षं घालवली. पैसा, पदक, प्रसिद्धी सगळं होतं, तरी कठीण फेऱ्या झाल्याच नव्हत्या. डिसेंबर २००५ मध्ये डॅनी विल्यम्सकडून तो हरला आणि जागतिक किताब कधीच आला नाही.

भारतात रांग छोटी आहे, पण ती आहे. सतीशकुमार टोकियोला गेला तेव्हा ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय सुपर हेवीवेट होता. त्यानंतर सागर अहलावतने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि नरेंदर बेरवालने हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. म्हणजे एका जागेसाठी दोन-तीन जण, ब्रिटनसारखे सात-आठ नव्हेत. हा भारतीय हेवीवेटचा फायदाच आहे. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये पुरुषांसाठी ९० आणि ९० किलोवरचा असे दोन गट आहेत. ९१-९२ किलोच्या बॉक्सरने आपण नक्की कुठे बसतो हे आत्ताच ठरवलेलं बरं, कारण दोन किलो उतरवून ९० मध्ये गेलं तर समोर ९४ वरून उतरलेले येतील, वर गेलं तर ११० चे.

पैसा

अमॅच्युअर वाटेचा पैसा थोडा पण ठरलेला. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये भत्ता मिळतो, ऑलिंपिक पदकाच्या उमेदवारांसाठीच्या सरकारी टॉप्स योजनेच्या मुख्य गटात आल्यावर ५०,०००. खरा आधार नोकरीचा. सेनादल, रेल्वे, पोलीस यांत क्रीडा कोट्यातून भरती होते. पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट तर प्रशिक्षण, आहार, वैद्यकीय मदत आणि पगार सगळं एका ठिकाणी देते. शंभर किलोच्या बॉक्सरचा नुसता खुराकाचा खर्च धरला तरी ही व्यवस्था किती मोलाची हे घरच्यांना लगेच कळेल.

प्रोचा पैसा कागदावर मोठा दिसतो. समजा अमेरिकेत आठ फेऱ्यांच्या लढतीसाठी २०,००० डॉलरची पर्स, म्हणजे लढतीचं मानधन, ठरली. परदेशी बॉक्सरच्या पर्समधून ३० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणजे ६,०००. मॅनेजरचा वाटा ३३ टक्क्यांपर्यंत जातो, साधारण ६,६००. कोचचे १० टक्के, २,०००. उरले ५,४००. त्यातून स्पारिंग जोडीदार, कटमन (कोपऱ्यात जखमांचं रक्त थांबवणारा), आहार, सहा-आठ आठवड्यांचं राहणं आणि वैद्यकीय चाचण्या. कापलेल्या कराचा काही भाग विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण तो पुढच्या वर्षी. आणि २०,००० ही पर्स नवख्याला मिळत नाही. चार फेऱ्यांच्या पदार्पणात तिच्या दहाव्या भागाइतकी मिळाली तरी खूप. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूचा कर २० टक्के आणि मॅनेजरचा वाटा २५ पर्यंत, म्हणून गणित थोडं सुसह्य.

ब्रिटनच्या छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांत तर पर्स अशी नसतेच. बॉक्सर तिकिटं विकतो आणि त्या पैशांतून समोरच्याचं मानधन, त्याचा प्रवास-मुक्काम निघाल्यावर उरलं ते त्याचं. हेवीवेट प्रतिस्पर्धी महाग पडतो, कारण तो दुर्मीळ. गावात दोन-तीनशे ओळखीची माणसं तिकीट घेणारी नसतील तर जिंकूनही खिशातून पैसे जातात. भारतातून गेलेल्या मुलासाठी ही पद्धत जवळपास बंदच समजावी.

वर पोहोचल्यावर पैसा खरोखर अफाट आहे, यात वाद नाही. पण जगभरच्या हेवीवेटांत तो फार तर पंधरा-वीस जणांत वाटला जातो. बाकीचे दिवसा दुसरं काम करतात.

दोन्ही डगरींवर पाय

२०१६ पासून प्रो बॉक्सरांना ऑलिंपिकचं दार उघडलं. त्याचा सर्वांत चांगला उपयोग उझबेकिस्तानच्या बखोदिर जालोलोव्हने केला. २०१७ मध्ये प्रो, टोकियोला सुवर्ण, पॅरिसला पुन्हा सुवर्ण, आणि मधल्या काळात १४ प्रो लढती, १४ नॉकआउट. ऐकायला आदर्श. पण पॅरिस संपलं तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि जागतिक किताबाची एकही लढत झालेली नव्हती. ऑलिंपिकचं वर्ष आलं की प्रो तारखा मागे सरकतात, प्रमोटरचा रस कमी होतो. शिवाय त्याच्यामागे सरकारचं पाठबळ होतं.

भारतात विकास कृष्णनने हे करून पाहिलं. दोन प्रो लढती जिंकून तो परत आला, टोकियोला पात्र ठरला आणि खांद्याच्या दुखापतीसह पहिल्याच लढतीत हरला. विजेंदर सिंग मात्र २०१५ मध्ये मँचेस्टरला गेला तो प्रोच राहिला, सलग बारा लढती जिंकला. नंतर तारखा विरळ झाल्या. नोव्हेंबर २०१९ नंतरची लढत थेट मार्च २०२१ मध्ये, गोव्यात पणजीला कॅसिनोच्या जहाजावर, आणि त्यात रशियाच्या अर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. साथीचा काळ होता हे खरं, तरी भारतात राहून प्रो खेळणाऱ्याची ही नेहमीचीच अडचण आहे. तारीख नाही, प्रतिस्पर्धी नाही, मग वर्षभर नुसता सराव. हेवीवेटला ती दुप्पट जाणवते.

सरकारी नोकरीत असाल तर प्रो करार करण्याआधी सेवानियम वाचून लेखी परवानगी घ्यावी. विजेंदर हरियाणा पोलिसांत असल्याने तिथे हा प्रश्न उभा राहिलाच होता.

शरीराची किंमत

अमॅच्युअर सुरक्षित आणि प्रो धोक्याचं, इतकं सोपं नाही. स्पर्धेत जखम झाली तरी दोन दिवसांनी पुढची लढत असते. सतीशकुमार टोकियोला चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन जालोलोव्हसमोर उपांत्यपूर्व फेरीत उभा राहिला. प्रोमध्ये असं घडत नाही, जखम भरायला महिने मिळतात. नॉकआउटनंतर सक्तीची विश्रांती दोन्हीकडे असते. अमॅच्युअरमध्ये निदान तीस दिवस आणि पुन्हा झालं तर वाढत जाणारी, प्रोमध्ये ज्या बोर्डाचा परवाना त्याच्या नियमाप्रमाणे. या काळात स्पारिंगही बंद ठेवायचं असतं आणि नेमका तोच नियम जिममध्ये मोडला जातो.

प्रोचा धोका फेऱ्यांच्या संख्येत आणि न पडण्यात आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह दहा फेऱ्या मार खात उभा राहिला आणि गुणांवर हरला. १८ पैकी १८ लढती नॉकआउटने जिंकलेला माणूस. नंतर टॅक्सीने रुग्णालयात गेला, मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि तो कायमचा अपंग झाला. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कुटुंबाला २.२ कोटी डॉलरची भरपाई दिली. म्हणून कोपऱ्यातला माणूस निवडताना लढत थांबवण्याची हिंमत त्याच्यात आहे का, हे आधी बघावं. वर्षातून एकदा मेंदूचा एमआरआय, ठरावीक काळाने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीच्या रक्तचाचण्या आणि डोळ्यांची तपासणी, हे परवाना मागत नसेल तरी करावं.

कुणी काय करावं

वय बावीसच्या आत, राष्ट्रीय शिबिरात जागा आहे किंवा एका पावलावर आहे, तर २०२८ पर्यंत अमॅच्युअरच. यात आमच्या मते फारसा वाद नाही.

वय सव्वीसच्या पुढे आणि आपल्याच गटात पुढचा बॉक्सर दोन वर्षांत तीनदा हरवून गेलाय, तर रांगेत थांबू नये. मात्र इथे प्रो म्हणजे परदेशात, हेवीवेट असलेल्या जिममध्ये राहायला जाणं. मुंबई-पुण्यात राहून वर्षाला एक लढत घेण्याला प्रो कारकीर्द म्हणता येणार नाही.

मधल्या वयात हातात खरा करार असेल तरच हालावं, आणि करारापेक्षाही मन कशात आहे ते तपासावं. बर्मिंगहॅम २०२२ ला सागर अहलावतला हरवून सुवर्ण घेणारा डिलिशियस ओरी पॅरिसला पहिल्याच लढतीत बाद झाला, मोठ्या प्रमोटरशी करार केला, एप्रिल २०२५ मध्ये पहिली प्रो लढत जिंकला आणि काही आठवड्यांतच निवृत्त झाला. वय सत्तावीस, हातात अर्थशास्त्राची पदवी. अनेकांनी त्याला नावं ठेवली. आम्हाला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण तो तेविसाव्या लढतीनंतर न होता पहिल्यानंतर झाला.

करार वाचताना पर्सचा आकडा शेवटी बघावा. आधी वर्षाला किमान किती लढती आणि त्या न दिल्यास काय, हे हवं. दुखापतीच्या काळाने करार आपोआप लांबतो का, आणि किती. किताब जिंकल्यास प्रमोटरला मुदत वाढवण्याचा हक्क आहे का. कॅम्प, स्पारिंग आणि एमआरआयचा खर्च कुणाचा. वाद झाल्यास न्यायालय कुठल्या देशातलं. मॅनेजर आणि प्रमोटर एकच व्यक्ती आहे का. अमेरिकेत २००० च्या अली कायद्याने दहा किंवा जास्त फेऱ्यांच्या लढतींसाठी ते दोघं वेगळे असावे लागतात, ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही. कागद तुमच्या वकिलाने वाचलेला हवा, आणि त्या वकिलाची फी प्रमोटर भरत असेल तर दुसरा वकील बघावा.